पाडलेला पब, पुन्हा बांधलेला पब

शीर्षकातला ‘पब’ हा शब्द वाचून आमच्या नात्यातल्या काही मंडळींच्या भुवया वर गेल्या असतील. पंचाहत्तरीला आलेल्या बाईंना हे काय सुचलं म्हणायचं! म्हणून आधीच सांगून टाकते, की मी आयुष्यात मद्याला शिवलेली नाही आणि आता सुरुवात करायचा बेतही नाही. पण चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आहे, आणि इतिहास काही फक्त किल्ल्यांत आणि देवळांत राहत नाही. तो कुठेही भेटतो. मला तो लंडनच्या किलबर्न भागात, बागेजवळच्या एका पबमध्ये भेटला.

आमची लेक गेली बरीच वर्षं त्या बाजूला राहते. तिथून थोडं उत्तरेला गेलं की डॉलिस हिलला आपलं महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ साली स्थापन झालेलं. त्यामुळे माझ्या लंडनच्या फेऱ्या म्हणजे लेकीचं घर, मंडळ आणि संध्याकाळचं फिरणं. राजवाडे, मनोरे वगैरे पहिल्या फेरीतच पाहून झाले होते. म्हणून मग मी गल्ल्या पाहत हिंडते. माणसं कुठे बसतात, कुठे बोलतात, पोरं कुठे खेळतात, हे पाहायला मला जास्त आवडतं.

तर आधी त्या शब्दाबद्दल. ‘पब’ हा ‘पब्लिक हाऊस’चा लघुरूप. म्हणजे सार्वजनिक घर. आपल्याकडे गुत्ता म्हटलं की जे चित्र डोळ्यांसमोर येतं ते बाजूला ठेवा. जुन्या इंग्लंडात तीन वेगळ्या गोष्टी होत्या. प्रवाशाला मुक्कामाला जागा देणारी ती ‘इन’, द्राक्षाची दारू देणारी ती ‘टॅव्हर्न’, आणि घरीच गाळलेली बिअर विकणारं ते ‘एलहाऊस’. हे बिअर गाळण्याचं काम बहुतेक बायकाच करत, ते घरकामच समजलं जाई. १५५२ साली कायदा झाला आणि एलहाऊस चालवायला न्यायाधीशांचा परवाना लागू लागला. पुढे १८३० च्या कायद्याने उलट टोक गाठलं. दोन गिनी भरा आणि आपल्या घरात बिअर विका! हेतू असा, की लोक जिनसारख्या जहाल दारूपासून सुटून बिअरकडे वळतील. सरकारं लोकांना शहाणं करायला निघाली की काय काय करतात, त्याचा हा एक नमुना.

या सगळ्याचं मिळून पुढे पब्लिक हाऊस झालं. एकोणिसाव्या शतकात तर अपघाती मृत्यूची सरकारी चौकशीसुद्धा अनेकदा पबच्या खोलीत भरत असे, कारण गावात तेवढी मोठी दुसरी खोली नसायची. मजूर संघटनांच्या बैठका तिथेच, मयतानंतर जमणंही तिथेच. आपल्याकडे पार, चावडी आणि देवळाचा ओटा मिळून जी कामं होत, ती तिथे या एका छपराखाली होत. पुष्कळांना वाचता येत नसे म्हणून दारावर चित्राची पाटी, पांढरा हरीण, तांबडा सिंह, राजाचं डोकं. आणि मग त्या पाटीवरून आजूबाजूच्या वस्तीलाच नाव पडे. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नकाशावर पाहा. एंजल, स्विस कॉटेज, एलिफंट अँड कॅसल, रॉयल ओक... सगळी खानावळींची आणि पबांची नावं!

किलबर्नला लागून असलेला मेडा व्हेल हा भागसुद्धा तसाच. दक्षिण इटलीत मायदा नावाच्या गावी १८०६ साली इंग्रजांनी फ्रेंचांना हरवलं. त्या लढाईच्या सेनापतीच्या नावाने, म्हणजे ‘मायदाचा वीर’ या नावाने, इथल्या मोठ्या रस्त्यावर एक पब निघाला आणि त्यावरून वस्तीचं नाव मेडा व्हेल झालं. आता तिथे मोठमोठे डॉक्टर-वकील राहतात. आपण एका पबच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तीत राहतो हे त्यांच्यातल्या किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.

या मेडा व्हेल आणि किलबर्नच्या सीमेवर कार्लटन व्हेल नावाचा रस्ता आहे. जवळच पॅडिंग्टन रिक्रिएशन ग्राउंड हे मोठं मैदान. एक मैल चार मिनिटांच्या आत पहिल्यांदा धावून दाखवणारा रॉजर बॅनिस्टर वैद्यकीय शिक्षण घेत असताना इथे सराव करायचा. मैदानाजवळच कार्लटन टॅव्हर्न. आजची गोष्ट तिची.

इथला आधीचा पब १९१८ साली, पहिल्या महायुद्धात, जर्मन विमानांच्या बॉम्बने उद्ध्वस्त झाला. १९१८ हा आकडा वाचून माझ्या डोक्यात लगेच दुसरीच घंटा वाजली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर लोकमान्य टिळक चिरोलवरच्या खटल्यासाठी लंडनला पोचले. मुक्काम कुठे, तर हाउली प्लेस, मेडा व्हेल! घर क्रमांक दहा. तिथे आजही निळी गोल पाटी आहे. या पबपासून ते घर फार तर दोन किलोमीटर. खटला ते हरले, पण त्यानिमित्ताने वर्षभर तिथे राहून त्यांनी स्वराज्याचा प्रचार केला. मी आणि हे, आम्ही दोघं एका दुपारी चालत ते घर पाहून आलो. ह्यांनी चपला काढून हात जोडले. रस्त्याने जाणाऱ्या एका बाईंनी आमच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. पाहू दे.

असो. पबकडे येते.

१९२०-२१ मध्ये चॅरिंग्टन या मद्यनिर्मिती कंपनीने त्याच जागेवर नवी इमारत बांधली. वास्तुविशारद फ्रँक पॉटर. विटांचं बांधकाम, बाहेरून चकचकीत फरशांवर कंपनीचं नाव, आत लाकडी काम, ठसठशीत नक्षीची छतं. आता एवढं तर त्या काळच्या शेकडो पबांत असेल. मग हिचं विशेष काय? ते समजायला महायुद्धातल्या इंग्लंडमध्ये थोडं डोकवावं लागतं.

युद्धकाळात दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार पिऊन पडतात म्हणून सरकार हैराण झालं होतं. दुपारी पब बंद ठेवायची सक्ती तेव्हाच आली, आणि ती इंग्लंडमध्ये १९८८ पर्यंत टिकली! कार्लाइल भागात तर १९१६ साली सरकारने दारूभट्ट्या आणि पब सरळ स्वतःच्या ताब्यात घेतले आणि १९७३ पर्यंत चालवले. सरकारी पब! त्यातून एक विचार पुढे आला. पब बंद करता येत नाहीत ना, मग ते सुधारा. अंधाऱ्या कोंदट खोल्यांत उभ्याने घशात ओतण्यापेक्षा हवेशीर दालन असावं, बसायला खुर्च्या असाव्यात, जेवण मिळावं, चहा मिळावा, बायकांना आणि कुटुंबांना येता यावं. यालाच पुढे ‘सुधारित पब’ म्हणू लागले. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात असे पुष्कळ पब बांधले गेले. त्यांतली ही अगदी सुरुवातीची इमारत, आणि नंतरच्या मालकांनी फारशी मोडतोड न केल्याने आतून-बाहेरून जवळजवळ तशीच राहिलेली. बाकीच्या बऱ्याच पबांची आतली सजावट पुढच्या पिढ्यांनी नवेपणाच्या नादात काढून टाकली.

दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावातूनही ती वाचली. आजूबाजूची जुनी घरं युद्धात आणि नंतरच्या पुनर्बांधणीत गेली, उंच सरकारी इमारती आल्या, आणि त्यांच्यात ही एकटी विटांची ठेंगणी इमारत उभी राहिली. आयरिश कामगार, कॅरिबियन बेटांवरून आलेली कुटुंबं, पेन्शनर, सगळ्यांची बसायची जागा.

मग ती एका बांधकाम कंपनीने विकत घेतली. पाडून फ्लॅट बांधायचे, असा अर्ज वेस्टमिन्स्टर कौन्सिलकडे केला. २०१५ च्या सुरुवातीला कौन्सिलने तो नाकारला. वस्तीतली माणसं मात्र निर्धास्त झाली नाहीत. ही मंडळी गप्प बसणार नाहीत, असा त्यांना संशय होता. म्हणून त्यांनी वारसा खात्याकडे धाव घेतली होती, की या इमारतीला संरक्षित वास्तूंच्या यादीत घ्या.

ही यादी म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. दुसऱ्या महायुद्धात एवढं काही कोसळलं, की उरलेल्यांतलं काय जपायचं याची नोंद करणं भाग पडलं. १९४४ आणि १९४७ च्या नगररचना कायद्यांनी त्याचा पाया घातला. इंग्लंडच्या यादीत आज चार लाखांच्या जवळपास नोंदी आहेत. पहिला दर्जा, तारांकित दुसरा आणि साधा दुसरा, अशा तीन पायऱ्या. नव्वद टक्क्यांहून जास्त इमारती साध्या दुसऱ्या दर्जात. यादीत आलेली इमारत परवानगीशिवाय पाडणं, एवढंच नव्हे तर तिचं रूप बदलणं हासुद्धा फौजदारी गुन्हा. लिव्हरपूलच्या ‘फिलहार्मोनिक डायनिंग रूम्स’ या पबला २०२० साली पहिला दर्जा मिळाला. तिथली पुरुषांची मुतारी गुलाबी संगमरवरी आहे म्हणे, आणि बायकासुद्धा ती पाहायला जातात. (हे वाक्य लिहावं की नाही यावर आमच्या घरी दहा मिनिटं चर्चा झाली.)

तर कार्लटन टॅव्हर्नचं प्रकरण वारसा खात्याकडे विचाराधीन होतं. खात्याच्या माणसांनी येऊन तिची बारकाईने नोंद केली, छायाचित्रं काढली, नक्षीचे साचे घेतले. दुसऱ्या दर्जाची शिफारस व्हायला दोन दिवस राहिले होते.

२०१५ चा ईस्टरचा सोमवार सहा एप्रिलला होता. पब चालवणाऱ्या बाईंना मालकांकडून निरोप आला, की सामानाची मोजदाद करायची आहे, आज पब बंद ठेवा. सणाची सुट्टी, कचेऱ्या बंद. आणि आठ एप्रिलला, बुधवारी, यंत्रं आली. ना परवानगी, ना पूर्वसूचना. लोक बाहेर येऊन पाहतात तो भिंती कोसळताहेत. आतलं सामान, छतं, फरशा, सगळं ढिगाऱ्यात. दोन महायुद्धं ज्या जागेने सोसली तिथली ही इमारत एका दिवसात भुईसपाट.

इथवरची गोष्ट आपल्याला नवी नाही. खरं सांगायचं तर इथवर ऐकून मला आश्चर्यही वाटलं नाही. आमच्या गावात पेठेत एक जुनं वाचनालय होतं. सागवानी खांब, वर लाकडी सज्जा, भिंतीवर देणगीदारांच्या तसबिरी. मी बीएची सगळी पुस्तकं तिथून आणून वाचली. आमच्या घरात तेव्हा पुस्तक विकत घेण्याची ऐपत नव्हती. ऐन दिवाळीत, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ते पाडलं. दिवाळीतच का, तर कोर्ट बंद, कचेऱ्या बंद, माणसं भाऊबीजेला परगावी. पुस्तकं पोत्यांत भरून कुठेतरी नेऊन ठेवली. आम्ही पंधरा-वीस जणांनी अर्ज केले, हेलपाटे घातले. उत्तर एकच, आता इमारतच नाही तर वाचवायचं काय? तिथे आता चार मजली व्यापारी संकुल आहे. तळमजल्यावर मोबाइलची दुकानं.

‘आता इमारतच नाही तर वाचवायचं काय?’ पाडणाऱ्याचा सगळा भरवसा या एका प्रश्नावर असतो. पाडलं की वाद संपला. फार तर दंड होईल, तो भरू. जमिनीचा भाव त्या दंडाच्या कित्येक पट असतो.

म्हणून पुढे जे घडलं त्यासाठी हा लेख लिहिते आहे. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने नोटीस काढली, की जशी होती तशी, हुबेहूब, पुन्हा बांधा. दंड भरून मोकळं होणं नाही. कंपनीने अपील केलं. २०१६ साली चौकशी अधिकाऱ्यासमोर सुनावणी झाली. वस्तीतले लोक साक्षीला उभे राहिले. त्या जुलैमध्ये अपील फेटाळलं गेलं आणि पुन्हा बांधायला दोन वर्षांची मुदत दिली. प्रत्यक्षात जास्त वेळ लागला. पण वारसा खात्याने आधीच घेतलेल्या नोंदी आणि साचे हाताशी होते, त्यामुळे ‘मूळ रूप कसं होतं ते आठवत नाही’ असं म्हणायची सोय कुणालाच राहिली नाही. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाचे निर्बंध सैल झाल्यावर, कार्लटन टॅव्हर्न पुन्हा उघडली. पाडल्यापासून सहा वर्षांनी. आधी फक्त बाहेर बसून, कारण आत बसायला अजून बंदी होती.

हे सगळं मी मागे फोनवर आमच्या धाकट्या दिरांना सांगितलं. ते आयुष्यभर ग्रामीण भागात व्यसनमुक्तीचं काम करत आले. म्हणाले, “वहिनी, दारूच्या अड्ड्यासाठी एवढं कौतुक? पाडला तर बरंच झालं की!”

भाऊजींचा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. दारूने बसलेली घरं मी शिक्षिका म्हणून जवळून पाहिली आहेत. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वर्गातल्या कुठल्या मुलाच्या डोळ्यांखाली काळं आलंय यावरून त्याच्या घरी पगार कुठे गेला ते कळायचं. आणि टिळकांचंच उदाहरण घ्या. १९०८ साली पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झालं त्या चळवळीच्या मागे ते उभे होते. त्यांच्या लंडनमधल्या घराचं आणि या पबचं नातं मी जोडते आहे हे त्यांना कितपत आवडलं असतं, शंकाच आहे.

पण भाऊजी, तुमच्याच कामातली एक गोष्ट आठवा. ‘उभी बाटली, आडवी बाटली’. गावातल्या बायका एकत्र येतात, अर्ज करतात, मग गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. पुरेशी मतं आडव्या बाटलीला पडली की गावातलं दुकान बंद. महाराष्ट्रात कितीतरी गावांनी हे करून दाखवलं. ज्या बाईला घरात बोलायची चोरी, ती मतदानाच्या रांगेत उभी राहते. किलबर्नच्या माणसांनी बाटली उभी ठेवली आणि आपल्या बायकांनी आडवी केली, एवढाच फरक. आपल्या गल्लीतल्या दाराचं काय व्हावं हे गल्लीने ठरवायचं, मालकाने एकट्याने नाही, हा हक्क दोन्हीकडे तोच. पटलं तर कळवा. नाही पटलं तर पुढच्या फोनवर भांडूच.

दुसरा एक आक्षेप मात्र माझा मलाच आहे. ‘सार्वजनिक’ म्हणजे कोणाचं? हा शब्द आपण फार सहज वापरतो. इंग्लंडातल्या पबांत पूर्वी आडव्या-उभ्या लाकडी पडद्यांनी खोल्या पाडलेल्या असत. मजुरांची खोली वेगळी, साहेबांची वेगळी, भाव वेगळे. एकाच छपराखाली, पण एकमेकांचं तोंड दिसायला नको. पुढे १९५०-६० च्या दशकांत भारतातून आणि वेस्ट इंडीजमधून माणसं आली तेव्हा अनेक पबांत त्यांना आत घेत नसत, घेतलं तर मुख्य खोलीत बसू देत नसत. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये आपल्या पंजाबी कामगारांच्या संघटनेने त्याविरुद्ध चळवळ केली. १९६५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतले माल्कम एक्स तिथे येऊन हा प्रकार डोळ्यांनी पाहून गेले. त्याच वर्षी वंशभेदविरोधी कायदा आला आणि पबसारख्या सार्वजनिक ठिकाणी रंगावरून मज्जाव करणं बेकायदा ठरलं. गंमत अशी, की आज त्याच भागात कितीतरी पब पंजाबी मालक चालवतात. त्यांना ‘देसी पब’ म्हणतात. बिअरबरोबर तंदुरी मिळते.

हे वाचून आपण इंग्रजांकडे बोट दाखवायचं कारण नाही. महाडचं चवदार तळं नगरपालिकेच्या मालकीचं होतं, म्हणजे सार्वजनिकच. नगरपालिकेने ते सर्वांना खुलं केल्याचा ठरावही झाला होता. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन त्याच्या काठावर जावं लागलं, ओंजळभर पाण्यासाठी. ठराव कागदावर होता, तळं मात्र काही जणांचंच होतं. वारसा जपायचा म्हणताना, त्या वास्तूच्या दारातून कोणाला आत घेत नव्हते तेसुद्धा नोंदीत लिहून ठेवावं, असं मला वाटतं. वाड्यांच्या बाबतीत आपण ते कधी लिहीत नाही.

बाबासाहेबांचा विषय निघालाच आहे तर हेही सांगते. किलबर्नहून फार लांब नाही, प्रिमरोझ हिलजवळ, किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरचं घर आहे. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहत होते. म्हणजे जेव्हा कार्लटन टॅव्हर्न नवीकोरी उभी राहत होती, तेव्हाच! महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ते घर विकत घेऊन तिथे स्मारक केलं. पण घर राहण्यासाठी असतं, त्याचं संग्रहालय करायला परवानगी लागते. २०१८ मध्ये कॅम्डेन कौन्सिलने ती नाकारली. राहत्या घरांची संख्या कमी होते, हे त्यांचं म्हणणं. मग २०१९ साली त्याचीही चौकशी बसली, दोन्ही बाजू ऐकल्या गेल्या, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्यांनी परवानगी दिली. एका बाजूला पब, दुसऱ्या बाजूला बाबासाहेबांचं घर. विषय जमीन-अस्मानाचे, पण कायदा तोच, पद्धत तीच. एका घराचं काय करायचं यावर माणसं खुर्च्या मांडून समोरासमोर बोलतात आणि शेवटी लेखी निकाल लागतो. आम्हाला वाचनालयाच्या वेळी असं कुणी बोलावलं असतं तर आम्ही हरलोही असतो कदाचित, पण निदान बोललो असतो.

२०२३ च्या उन्हाळ्यात लेक मला त्या पबमध्ये घेऊन गेली. “आई, एवढं त्याच्याबद्दल वाचतेस, तर आत तरी चल.” तिथे वेटर येऊन विचारत नाही. आपणच उठून ओट्यापाशी जायचं, मागायचं, पैसे द्यायचे आणि ग्लास हातात घेऊन जागा शोधायची. मी जिंजर बिअर घेतली. नातलगांनी घाबरू नये, नावातच काय ती बिअर, आत नुसतं आलं आणि साखर. जरा जास्तच साखर.

आत दुपारची वेळ म्हणून गर्दी नव्हती. एक आजोबा वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होते. एक तरुण आई बाबागाडी शेजारी ठेवून सूप पीत होती. एक कुत्रा झोपला होता. मी भिंतीवरून हात फिरवला, छत पाहिलं. खरं सांगू? नवेपण कळतं. शंभर वर्षांच्या लाकडाला हातांच्या स्पर्शाने जी झिलई येते ती साच्यातून येत नाही. विटा नव्या, त्यांची धार अजून बोथट झालेली नाही. मग ही खरी की खोटी? आपल्याकडे यासाठी एक चांगला शब्द आहे, जीर्णोद्धार. काशी विश्वेश्वराचं आजचं देऊळ अहिल्याबाईंनी अठराव्या शतकात बांधलं, पण तिथे जाणारा कोणी म्हणत नाही, की हे देऊळ जेमतेम अडीचशे वर्षांचं. जागा तीच, तिथे येणंही तेच. तरीही मूळ इमारत गेली ती गेलीच, आणि ते मान्य करूनच पुढे बोलायला हवं. हुबेहूब बांधता येतं म्हणून पाडलं तरी चालतं, असा अर्थ कुणी काढला तर ती भलतीच पंचाईत होईल.

लेकीने आजोबांना विचारलं, तुम्ही जुन्या पबमध्ये यायचात का? ते म्हणाले, हो, माझी याच कोपऱ्यातली जागा होती. नव्या पबातही ते त्याच कोपऱ्यात बसले होते.

आम्ही लंडनमध्ये असतानाच, ऑगस्टच्या पाच तारखेला, स्टॅफर्डशायरमधल्या ‘क्रुकेड हाऊस’ला आग लागल्याची बातमी टीव्हीवर आली. १७६५ सालची इमारत, खाली कोळशाच्या खाणी असल्याने एका बाजूला कललेली, म्हणून वाकडं घर. तिची संरक्षित वास्तूंत नोंद झालेली नव्हती. काही दिवसांपूर्वीच ती विकली गेली होती. आग लागली आणि दोन दिवसांत उरलेलं सगळं यंत्राने पाडलं. लेकीच्या घरी चहाच्या वेळी दुसरा विषयच नव्हता. तेव्हा सगळ्यांच्या तोंडी कार्लटन टॅव्हर्नचं नाव होतं, की तिथे बांधायला लावलं, मग इथे का नाही? फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या कौन्सिलनेही पुन्हा बांधण्याची नोटीस काढली.

कायदाही मधल्या काळात बदलला. २०१७ च्या मे महिन्यापर्यंत इंग्लंडमध्ये साधा, यादीत नसलेला पब पाडायला किंवा त्याचं दुकान करायला नगररचनेची पूर्ण परवानगी लागतच नसे. आता लागते. तरी ब्रिटनमधल्या पबांची संख्या २००० साली साठ हजारांच्या आसपास होती, ती आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास आली आहे. लोक घरी पितात, तरुण कमी पितात, भाडी आणि विजेची बिलं परवडत नाहीत. यादीत नाव असलं म्हणून कोणी येऊन बसेल असं नाही, आणि गिऱ्हाईक नसेल तर कुठलाही कायदा दिवा लावून ठेवू शकत नाही. भाऊजींना यातला पिणं कमी झाल्याचा भाग तेवढा आवडेल.

कुणी लंडनला जाणार असाल तर बेकरलू मार्गावर किलबर्न पार्क स्टेशनला उतरा. १९१५ चं स्टेशन आहे, तांबड्या फरशांचं, तेही पाहण्यासारखं. तिथून पायी थोडंसंच अंतर. जमलं तर पुढे टिळकांच्या घरापर्यंतही चालत जा, मधे मेडा व्हेल स्टेशन लागेल. तेही १९१५ चंच, आणि सुरू झालं तेव्हा तिथला सगळा कर्मचारीवर्ग बायकांचा होता. पण त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन.